कांस, गहू आणि हरभरा : तणाने लिहिलेला इतिहास

१/ पाऊस ओसरला की नर्मदेच्या काठी पांढऱ्या तुऱ्यांचे गवत वाऱ्यावर डोलू लागते. संस्कृत कवींनी ‘काश’ म्हणून त्याचे कौतुक केले. सागर-दमोहच्या शेतकऱ्याला मात्र ‘कांस’ या नावाचीच धास्ती होती. गव्हाच्या रानात ते शिरले की शेती सुटत असे. हे तण आणि त्याला अडवणारी शेती, यांचा हा इतिहास. #धागा

२/ आपले क्षेत्र आहे सागर, दमोह, जबलपूर, नरसिंहपूर : काळ्या, भारी जमिनीचा आणि रब्बी गव्हाचा मुलूख. मराठी वाचकाला तो परका नसावा. अठराव्या शतकात सागरचा कारभार पेशव्यांच्या वतीने गोविंदपंत बुंदेले पाहत. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला आणि १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात आला. त्या प्रांताची राजधानी होती नागपूर.

३/ तण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खुरपे येते. या मुलखात तणाशी खरी लढाई मात्र गहू पेरण्यापूर्वीच होत असे. उघड्या रानात उन्हाळ्यात आणि पावसाच्या उघडिपीत बखर, म्हणजे आपला वखर, पुन्हा पुन्हा फिरे. पात्याने कापलेले तण उन्हात वाळून जाई. म्हणजेच गव्हाची स्वच्छता बैलांच्या ताकदीवर अवलंबून होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे तोच निर्णायक ठरणार आहे.

४/ जबलपूर-दमोहकडे आणखी एक पद्धत होती : ‘हवेली’. शेताला चारी बाजूंनी मातीचे बांध घालायचे, पावसाचे पाणी महिनोन्‌महिने कोंडून ठेवायचे आणि पेरणी जवळ आली की सोडून द्यायचे. पाण्याखाली तण गुदमरून मरे, जमीन ओल पिऊन घेई आणि वाफसा येताच थेट पेरणी होई. मशागत वाचे, बैलांवरचा भार हलका होई. बांध घालायला मात्र भांडवल लागे. म्हणून ही सोय ज्याच्या हाती पैसा, त्याच्याच शेतात दिसे.

५/ पेरणीतही शहाणपण होते. गहू एकटा पेरण्याऐवजी त्यात हरभरा मिसळत. या मिश्रणाला येथे ‘बिर्रा’ म्हणत. उत्तर भारतात गहू-हरभऱ्याला ‘गोचना’ आणि गहू-जवाला ‘गोजई’ अशी नावे होती. ज्या पिकाला स्वतःचे नाव मिळते, ती सवय नसते. ती व्यवस्था असते.

६/ ही व्यवस्था कशी चाले? गहू उंच वाढतो, हरभरा खाली पसरतो. दोघे मिळून जमीन झाकतात आणि तणाला ऊन मिळू देत नाहीत. तांबेऱ्याने गहू गेला तरी हरभरा हाती लागतो. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात. त्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण युरोपात १८८०च्या दशकात मिळाले. तरीही तण संपत नसे. तिवरा आणि अकरी यांसारखी वेलवर्गीय झाडे गव्हात शिरत आणि त्यांचे बी धान्याबरोबर खळ्यापर्यंत पोहोचे.

७/ जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार रसायनतज्ज्ञ. हिंदुस्थानची शेती सुधारावी कशी, हे सांगण्यासाठी ते १८८९ साली येथे आले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. तण काढून शेत निर्मळ ठेवण्यात आणि मिश्र पिकांच्या जाणकारीत येथील शेतकऱ्याचे कौशल्य त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. उणीव त्यांना साधनांची दिसली, अकलेची नव्हे.

८/ पण बाजाराचे मोजमाप वेगळे होते. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, १८७० साली मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपूरला जोडली गेली आणि १८७३ साली गव्हावरील निर्यात कर उठला. नर्मदेचा गहू लंडनला जाऊ लागला. तेथील व्यापाऱ्यांच्या लेखी गव्हातला हरभरा म्हणजे ‘भेसळ’! शेतकऱ्याच्या दृष्टीने जो विमा होता, तो खरेदीदाराच्या चाळणीत कचरा ठरला.

९/ मग १८९०चे दशक आले. आधी हिवाळ्यातील अवेळी पाऊस आणि तांबेरा, मग १८९६-९७चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९००चा. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत सागर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक पंचमांशाने घटली. गुरे मेली, विकली गेली. वखर ओढायला बैल उरले नाहीत आणि बैलामागे चालायला माणसे उरली नाहीत.

१०/ नेमके तेव्हाच कांस पसरले. त्याचे भूमिगत खोड इतके खोल जाते की बैलांचा नांगर तेथवर पोहोचत नाही. वरचेवर वखरलेल्या रानात ते तग धरत नाही. पण दोन-चार हंगाम जमीन पडीक राहिली की तिचा ताबा घेते. मग शेतकऱ्याजवळ बैल आले तरी रान परत मिळत नाही. त्याला वाट पाहावी लागे : बरीच वर्षे गेली की कांस आपोआप विरळ होते, असा जुना अनुभव होता. पण सारा, कर्ज आणि पोट इतकी वर्षे थांबत नाहीत.

११/ म्हणून माझे म्हणणे असे : कांसाला केवळ नैसर्गिक आपत्ती समजू नये. ते आधीच कोसळलेल्या गावात शिरे आणि त्या गावाला पुन्हा उठू देत नसे. दुष्काळाचे आकडे कागदावर राहिले. जमिनीवर त्याची नोंद कांसाने केली.

१२/ स्वातंत्र्यानंतर सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला शेती-यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या यंत्रांचे मुख्य काम होते मध्य भारतातील कांसग्रस्त जमीन खोल नांगरून मुळे उन्हात वाळवणे. एका गवतासाठी देशाने परकीय कर्ज काढले होते!

१३/ पुढचा अध्याय रसायनांचा. टू-फोर-डी हे तणनाशक रुंद पानांच्या झाडांना मारते आणि गव्हाला सोडते. त्याने चाकवत मरतो, जो आपण भाजी म्हणून आवडीने खातो. पण हरभराही रुंद पानांचाच! हे औषध फवारायचे तर गहू एकटाच हवा. बिर्रा मागे पडण्याची कारणे अनेक आहेत : सिंचन, बुटके वाण, हमीभाव. त्यांत हेही एक कारण मोजले पाहिजे.

१४/ आणि एकट्या गव्हाचे काय झाले? पंजाब-हरियाणात भात-गहू, भात-गहू असे चक्र सुरू झाले आणि मंडूसी नावाचे गवत माजले. कोवळेपणी ते हुबेहूब गव्हासारखे दिसते. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून आयसोप्रोट्युरॉनने त्याला आवर घातला. १९९०च्या दशकात हरियाणातील मंडूसी त्या औषधाला दाद देईनाशी झाली. उपायांत पीक बदलण्याचा सल्ला पुन्हा आला.

१५/ जुनी शेती सुवर्णयुग होती, असे मी म्हणत नाही. हवेलीचे बांध मालगुजारांच्या पैशाने उभे राहत आणि बिर्रा पेरणारा शेतकरीही दुष्काळात मेला. पण त्याच्या शेतातील प्रत्येक गोष्टीमागे विचार होता. एखाद्या जुन्या अहवालात ‘जमीन तणाने व्यापली’ असे वाक्य भेटले, तर पुढे जाण्याआधी एक प्रश्न विचारा : त्या गावचे बैल कुठे गेले?

धागा समाप्त. तुमच्या भागात गव्हासोबत काय पेरत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली अवश्य लिहा.