कोळ्याच्या डोक्यावरची टोपी

माझे आजोबा हर्णैचे कोळी. २०१० साली पुण्यात फ्रेंच शिकत असताना मी त्यांच्यावर निबंध लिहिला. तो तपासून परत देताना बाई हळूच म्हणाल्या, “अगं, तुझे आजोबा सगळीकडे पापी झालेत.”

फ्रेंचमध्ये कोळी आणि पापी या दोन्ही शब्दांची अक्षरं तीच. फरक फक्त पहिल्या ‘ई’वरच्या खुणेचा. टोपी, म्हणजे सर्कमफ्लेक्स, असेल तर कोळी, उजवीकडे चढणारी तिरकी रेघ असेल तर पापी. आपले ‘दिन’ आणि ‘दीन’ जसे. टोपीच्या ईसाठी ऑल्ट दाबून अंकपट्टीवर १३६ द्यायचा, रेघेच्या ईसाठी १३०. मी प्रत्येक वेळी १३० दिला होता. भरभर लिहिता यावं म्हणून टाइप केलेलं अक्षर बोलून दाखवण्याची सोय मी बंद ठेवत असे. मला दिसत नाही, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज अख्खी ओळ वाचताना दोन्ही ई सारखेच म्हणे. चूक माझ्या कानांपर्यंत आलीच नाही.

हे आकडे १९८१च्या आयबीएम पीसीच्या अक्षरतक्त्यातले. त्यात जागा २५६. पहिल्या १२८ इंग्रजीच्या गरजेपुरत्या, खुणांची अक्षरं त्यांच्या पलीकडे. विंडोजचा तक्ता वेगळा, तिथे रेघेचा ई ०२३३ झाला. डोळस माणूस असा तक्ता समोर चिकटवून ठेवतो. मी तो पाठ केला होता.

पण मला लागलं ते वेगळंच. लुई ब्रेल स्वतः फ्रेंच. १८२९ साली त्याने आपली लिपी छापली ती फ्रेंचसाठी, म्हणून तिच्यात झेडच्या लगेच पुढे खुणांची अक्षरं येतात. कुठल्या अक्षराला जोडलेली नव्हेत, स्वतंत्र. रेघेच्या ईला सहाच्या सहा ठिपके, टोपीच्या ईला पहिला, दुसरा आणि सहावा. फ्रेंचला डब्ल्यू फारसा लागत नसे. तो पार शेवटी बसला. पुढे इंग्रजी ब्रेलने रेघेच्या ईची जागा ‘फॉर’ या शब्दाला दिली. भारतीय भाषांसाठीच्या १९५१च्या भारती ब्रेलमध्ये तेच सहा ठिपके ‘ढ’ झाले आणि टोपीचा ई ‘घ’ झाला. म्हणजे ही दोन्ही अक्षरं माझ्या बोटांना बालवाडीपासून ठाऊक होती. घ आणि ढ यांत मी कधीच चुकले नव्हते. चुकले ते एकशे तीस आणि एकशे छत्तीसमध्ये.

मग मी इंटरनॅशनल कळफलक घेतला. त्यात खुणेची कळ आधी, अक्षर नंतर. ही रीत टाइपरायटरची: खूण उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे, म्हणून त्या कळेला मृत कळ म्हणत. शिफ्टसह सहा दाबला की काहीच उमटत नाही. ई दाबल्यावर दोन्ही मिळून एक अक्षर होतं.

अक्षर बोलण्याची सोय चालू केली आणि निबंध पहिल्यापासून लिहिला. आजोबांचा उल्लेख आला की थांबायचे, बाणाच्या कळेने एकेक अक्षर मागे जायचे आणि ‘ई सर्कमफ्लेक्स’ ऐकू आलं की मगच पुढचा शब्द.