स्वतः झिजणारा मुलामा

पावसाळ्यात कर्जतहून खोपोलीच्या लोकलमध्ये बसलात, तर पळसदरी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंच्या छपरांकडे जरा पाहा. अधूनमधून जुनी मंगलोरी कौले दिसतील, पण बहुतेक घरांवर आता निळा नाही तर लाल पत्रा आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा हा मुलूख. इथे घर बांधण्यापेक्षा ते राखणे कठीण. लेप, मुलामा, थर यांचा इतिहास म्हणूनच इथल्या माणसाला पुस्तकात शोधावा लागत नाही.

ठाकर आणि कातकरी वाड्यांमधला कूड घ्या. साधारण आठ वर्षांनी एकदा फुलून वाळणाऱ्या कारवीच्या काठ्या उभ्या दाटीने बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस यांचा गिलावा द्यायचा. काठी भार घेते, माती फटी बुजवते, शेणातले आणि तुसातले तंतू मातीला तडकू देत नाहीत. आज अभियंते ज्याला संमिश्र पदार्थ म्हणतात, तो याहून वेगळा काय असतो? शेतात पाठीवर घ्यायचे इरलेही तसेच. बांबूच्या कामट्यांत पळसाची पाने एकावर एक अशी बसवायची, की थेंब आत न शिरता पानावरून पानावर घसरत जावा.

मात्र कुडाचा लेप पावसाच्या झडीने धुपतो. पाऊस सरला की पुन्हा लिंपण, पुन्हा सारवण. उन्हाळ्याच्या अखेरीला छपराची शाकारणी. लिंपण-सारवणाचे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला यायचे. त्या श्रमांची मोजदाद कुठल्याच इतिहासात नाही. जुन्या घरांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शेणात हात घालून पाहावे, असे मला नेहमी वाटते.

पत्रा आला तो वेगळेच तत्त्व घेऊन. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, ती कथलाची. ती आहे तोवर ताक कळकत नाही. उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहायची. लोखंडावर कथील चढवले, तर अडचण आणखी मोठी. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यावर एक ओरखडा पडू द्या, तिथले लोखंड भराभर गंजते. जस्ताचे तसे नाही. ओलाव्यात लोखंड आणि जस्त शेजारी असले, की आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. म्हणून कापलेल्या कडेला किंवा स्क्रूच्या भोकाशी थोडे लोखंड उघडे पडले, तरी आजूबाजूचे जस्त त्याला काही काळ सांभाळून घेते. हा मुलामा पांघरुणासारखा नुसता झाकत नाही, तर लोखंडाच्या बदली स्वतः खर्च होतो.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची कल्पना मालुअँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १७४२ साली मांडली होती. तिचे पेटंट मात्र स्तानिस्लास सोरेलने १८३७ साली घेतले. नाव मिळाले बेडकाच्या पायांवर प्रयोग करणाऱ्या इटलीच्या गॅल्व्हानीचे, ज्याने लोखंडाला कधी जस्त लावलेच नाही! त्याआधी, १८२९ साली, हेन्री पामरने लंडनमध्ये नालीदार पत्र्याचे पेटंट घेतले होते. नालीमुळे पातळ पत्रा ताठ झाला आणि जस्तामुळे टिकाऊ. आणि जस्त? इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियनने ते काढण्याचे पेटंट १७३८ साली घेतले, त्याच्या काही शतके आधीपासून राजस्थानातल्या झावर इथे मातीच्या मुशींतून जस्त काढले जात होते.

खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी पाचशे मीटरहून अधिक खाली आणणारे ते पोलादी नळ आजही डोंगरावर दिसतात. वीज, पाणी, रेल्वे आणि मुंबई-पुणे रस्ता एका जागी मिळाल्यावर कारखाने आले. झेनिथच्या पाइपांना इथेच जस्त चढू लागले. १९८५ साली स्थापन झालेल्या उत्तम गाल्व्हाने खालापूर तालुक्यातल्या डोणवतला जस्ताचा आणि पुढे रंगीत पत्राही काढला. ती कंपनी २०२२ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून आर्सेलरमित्तल गटाकडे गेली. तिथे पोलादाची पट्टी साधारण साडेचारशे अंश तापलेल्या जस्तातून जाते. मग रासायनिक प्रक्रिया, अस्तर, वरचा रंग आणि भट्टीत भाजणे. वरचा सगळा रंग मिळून एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी!

बाजारात गिऱ्हाईक रंग बघते, जाडी विचारते; जस्त किती, हे क्वचितच विचारते. खरे आयुष्य तर तिथेच ठरते. चौरस मीटरला १२० ग्रॅम म्हणजे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम, एका बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. २७५ ग्रॅमचा थर त्याच हवेत सुमारे सव्वादोनपट टिकेल. वर्षाची मजुरी एका छपरात घालणाऱ्या माणसाला हा आकडा दुकानदाराने आपणहून सांगायला हवा.

पत्र्याखाली एप्रिल-मेची दुपार काढणे सोपे नाही, हेही खरे. म्हणून काही वाड्यांत वर पत्रा आणि भिंती मात्र कुडाच्याच, अशी घरे दिसतात. आणि नवा पत्रा पावसाच्या तोंडावर आणलात, तर ओल्या अंगणात एकावर एक रचून ठेवू नका. दोन पत्र्यांमध्ये अडकलेल्या पाण्याने जस्तावर पांढरा गंज चढतो, आणि छपरावर जाण्याआधीच पत्र्याची काही वर्षे कमी होतात.