निफाड, पंचहौद आणि चहापानावरचा बहिष्कार

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी मुख्यमंत्री विरोधकांना चहाला बोलावतात. विरोधक जात नाहीत. त्याऐवजी पत्रकार परिषद घेतात आणि दुसऱ्या दिवशी ‘चहापानावर बहिष्कार’ असा मथळा छापून येतो. मुंबईत सह्याद्री अतिथिगृह, नागपुरात रामगिरी. सरकारं बदलली, कालचे यजमान आजचे बहिष्कारवाले झाले, पण मथळा हलला नाही. या रीतीचं मूळ बहुतेक जण साहेबाच्या टी-पार्टीत शोधतात. मी ते पुण्याच्या गुरुवार पेठेत शोधतो. साल 1890. तिथे झालेल्या एका चहापानाला आमच्या नाशिक जिल्ह्यातला एक माणूस हजर होता, ही गोष्ट लक्षात आल्यापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

तो माणूस म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. जन्म निफाडचा, 18 जानेवारी 1842. निफाड म्हटलं की आज द्राक्षं, कांदा आणि थंडीत खाली आलेला पारा एवढंच आठवतं. रानडे पुढे 1878 मध्ये न्यायखात्याच्या नोकरीत बदली होऊन नाशिकलाही राहून गेले. पण या बहिष्काराच्या कुळकथेला हवा असलेला कप त्यांच्यासमोर आला तो पुण्यातच.

गुरुवार पेठेत पंचहौद मिशन आहे, पाण्याच्या पाच हौदांवरून नाव पडलेलं. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथे एका व्याख्यानाला पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी जमली. रानडे होते, बाळ गंगाधर टिळक होते, तरुण गोपाळ कृष्ण गोखले होते. सुधारक आणि त्यांचे विरोधक एकाच बाकावर. व्याख्यान संपल्यावर चहा-बिस्किटं आली. काहींनी चहा घेतला. काहींनी यजमानांचा मान राखायला नुसता कप हातात धरला. इतक्यावरच प्रकरण संपायचं.

ते संपू दिलं नाही गोपाळराव जोशींनी. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, पोस्टखात्यात नोकरी केलेला हा विक्षिप्त गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापवली. चाळीसच्या वर नावं! ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा ब्राह्मणांनी घेतला म्हणून गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, त्यांनी चौकशीसाठी शास्त्र्यांचा आयोग नेमला. टिळकांनी शास्त्राधार काढून स्वतःची बाजू मांडली आणि आपण काशीला प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत असं सांगितलं. ज्यांनी प्रायश्चित्त घेतलं नाही त्यांच्या घरच्या लग्नमुंजींना आणि श्राद्धांना भटजी मिळण्याची पंचाईत झाली. अखेर 1892 मध्ये मित्रांच्या अडचणीकडे पाहून रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. सुधारक हळहळले, सनातनी हसले. रमाबाई रानड्यांनी ही हकिकत आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

इथेच माझा मुद्दा आहे. गोपाळरावांना चहाशी देणंघेणं नव्हतं. बोलणारे पुढारी वागतात कसे, ते त्यांना चव्हाट्यावर आणायचं होतं. त्यासाठी त्यांनी जी युक्ती काढली तीच आजही चालते: कोणाच्या घरी, कोणासोबत, कोण चहा प्यायला याची यादी पेपरात द्यायची. त्याआधी ग्रामण्यं कमी झाली नव्हती, पण ती पंक्तीत आणि देवळात मिटत. चहाचं ग्रामण्य छापखान्यातून निघालं. पुढाऱ्याचा कप हा सार्वजनिक दस्तऐवज झाला तो त्या दिवशी.

आता प्रतिपक्ष. पहिला पक्ष म्हणतो, अधिवेशनाचं चहापान ही सरळ गव्हर्नराच्या गार्डन पार्टीची नक्कल आहे. यजमानपण नक्कल असेल, मान्य. पण गव्हर्नराच्या पार्टीचं आमंत्रण मिळावं म्हणून लोक झुरत. तिथे न जाण्याला राजकीय किंमत कुठून आली, याचं उत्तर गार्डन पार्टी देत नाही.

दुसरा पक्ष आयर्लंडकडे बोट दाखवतो. 1880 मध्ये तिथल्या कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकलं, त्याच्या आडनावाचा जगभर शब्द झाला आणि स्वदेशीच्या चळवळीत तो आपल्याकडे गाजला. हे सगळं खरं आहे. पण हुक्कापाणी बंद करणं, वाळीत टाकणं, ग्रामण्य, ही हत्यारं आपल्याकडे आयर्लंडहून आयात करायची गरज नव्हती. त्यांचे कारखाने गावोगाव होते.

तिसरा पक्ष बॉस्टनचा. 16 डिसेंबर 1773 ला तिथे चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. पण ते भांडण कराचं होतं. आपलं भांडण हातचं आहे, कोणाच्या हातचं प्यायचं याचं. फ्रान्सची शँपेन म्हटली की चर्चिल, शेळीचं दूध म्हटलं की गांधीजी, आणि शिवांबू म्हटलं की मोरारजी देसाई आठवतात, कारण ते त्या त्या माणसाच्या आवडीचं किंवा पथ्याचं होतं. महाराष्ट्राने पुढाऱ्याची आवड कधी फारशी विचारली नाही. कप कोणी भरला, ते मात्र विचारलं.

याचा सर्वांत सुंदर पुरावा कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांच्या पागेत कामाला असलेल्या गंगाराम कांबळे या दलित नोकराला पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचं चहाचं हॉटेल काढायला लावलं. ‘सत्यसुधारक’ हे त्याचं नाव. महाराज तिथे गाडी थांबवून चहा मागवत आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजत. 1920 च्या आसपासची ही गोष्ट. पंचहौदात कप हातात धरल्याबद्दल प्रायश्चित्त होतं. इथे राजाने कप हातात धरणं हेच अस्पृश्यतेच्या रूढीला दिलेलं उत्तर होतं. पंचहौदाचं हत्यार महाराजांनी उलट्या बाजूने चालवलं, असं मी म्हणतो.

पुढचा टप्पा सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात: 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकरांनी ओंजळीने प्यायलं आणि सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते तळं ‘शुद्ध’ केलं. तीन वर्षांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि 1935 मध्ये येवल्याची धर्मांतराची घोषणा, दोन्ही नाशिक जिल्ह्यातच. त्या काळात रेल्वे स्टेशनांवर ‘हिंदू चाय’, ‘मुसलमान चाय’ असे वेगळे पुकारे होत, हेही त्याच खात्यातलं.

1892 चं प्रायश्चित्त आणि विधिमंडळाचा चहा यांच्यामध्ये अंतर मोठं आहे. माझा तर्क असा: जातीचं ग्रामण्य ढिलं पडलं तशी त्याची जागा पक्षाच्या ग्रामण्याने घेतली. पूर्वी समारंभात पानसुपारी आणि अत्तरगुलाब असे. 1903 च्या कायद्याने चहावर उपकर बसला, त्या पैशातून गावोगाव चहाचा प्रचार झाला आणि पानसुपारीची जागा कपबशीने घेतली. कपबशी आली ती पंचहौदाची सवय घेऊनच. आज विरोधी पक्षातला एखादा आमदार चहाला गेलाच, तर त्याचे सहकारी विचारतात ते शास्त्र्यांच्या आयोगाने विचारलं होतं तेच: प्यायलात की नुसता हातात धरलात?

याची उलटतपासणी नाशिकमध्येच करता येते. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, गंगापूर धरणापासून दिंडोरी, निफाडपर्यंत वायनरी उभ्या राहिल्या, नाशिकला देशाची वाइन राजधानी म्हणू लागले. 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर वाद पेटला. द्राक्ष उत्पादकांचा कैवार सगळेच घेतात. पण आमच्या जिल्ह्यातला पुढारी सभेत वाइनच्या बाजूने कितीही बोलो, फोटोत त्याच्या हाती कप चहाचाच दिसेल. नावं छापली की काय होतं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं आहे.

तेव्हा माझा निकाल असा: चहापानावरच्या बहिष्काराचं जनकत्व गव्हर्नराला नाही, कॅप्टन बॉयकॉटलाही नाही, ते गोपाळराव जोशींना द्यायला हवं. आणि वाचकांना एक विनंती: पुढच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी ती बातमी वाचाल तेव्हा मथळ्यावर थांबू नका. चहाला कोण गेलं, त्यांची नावं वाचा.