जुना लेथ, नवी वीज

मागच्या वेळी आपण वाफेच्या इंजिनापाशी थांबलो होतो. आज त्या इंजिनावर चालणाऱ्या लेथकडे वळू. जुना लेथ घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये आणायचा विचार असेल, तर हा इतिहास नुसती करमणूक नाही. यंत्रात काय तपासायचं, ते त्यातूनच कळतं.

आपला कातारी लाकूड कातायचा, तेव्हा दोरी पुढे-मागे ओढली जायची. लाकूड सुलट फिरताना हत्यार कापणार, उलट फिरताना थांबणार. म्हणजे निम्मा वेळ फुकट! पायटा आणि जड चाक आल्यावर फेरा सलग झाला. पुढे 1800 च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्लेने हत्यार माणसाच्या हातातून काढून सरकत्या लोखंडी बैठकीवर बसवलं आणि त्याची चाल स्क्रूला जोडली. आटे अचूक पडू लागले.

कारखान्यात मात्र इंजिन एकच असायचं. छताखाली लांब शाफ्ट फिरायचा, त्यावरून चामडी पट्टे प्रत्येक लेथवर उतरायचे. इंजिन थांबलं की सगळेच थांबले. उघड्या पट्ट्यात बाही अडकली, तर हात गेलाच समजा. 1889 मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी थ्री-फेज इंडक्शन मोटार बनवली आणि हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली.

आपल्याकडची साखळीही बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्याच घराण्याने 1941 मध्ये हरिहरला लेथचा कारखाना काढला आणि 1946 मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा.

यातून आपण काय घ्यायचं? लेथ टिकतो, त्याची शक्ती बदलत जाते. म्हणून जुना लेथ घेताना मोटार शेवटी बघा, आधी बेड बघा. सॅडल चकाजवळ नीट बसेल एवढा आवळा आणि टेलस्टॉककडे सरकवा. तिकडे तो अडकला, तर चकाजवळचा बेड झिजलाय. मोटार बाजारात मिळते. झिजलेला बेड ग्राइंड करून घ्यायचा, तर खर्च लेथच्या किमतीवर जातो.

आता विजेचं. घरात 230 व्होल्टची सिंगल फेज, लेथवर 415 व्होल्टची थ्री-फेज मोटार. छोटी व्हीएफडी सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देते खरी, पण 230 व्होल्टचीच. त्यामुळे मोटारीच्या पाटीवर 415 स्टार, 240 डेल्टा असं असेल, तरच ती डेल्टात जोडून चालते. जोडणी आणि अर्थिंग जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या.

आणि इथेच इतिहास विसरला, तर घात होतो. पट्ट्यावरच्या लेथचे बुश कमी वेगासाठी केलेले असतात. व्हीएफडीची कळ फिरवून वेग दुप्पट केला, तर ते तापून धरतात. त्याहून वाईट म्हणजे, अनेक जुन्या लेथचा चक नुसत्या आट्यांवर बसलेला असतो. पूर्वी जास्त झालेला भार पट्टा घसरून सोसायचा. व्हीएफडीने झटक्यात ब्रेक लावला किंवा एकदम उलट फिरवलं, की चक आट्यांवरून सुटून अंगावर येऊ शकतो. तेव्हा थांबायची वेळ लांब ठेवा, उलट फेरा बंदच ठेवा.

वीज नवी असली, तरी चाल जुन्या लेथचीच ठेवायची. पुढच्या वेळी आपण आट्यांच्या मापांकडे वळू.