टांकसाळीची चूक आणि सराफाची छिन्नी

रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाल्यानंतर ज्या तांब्याच्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे आली, ती शिवरायी पेशवाई सरली तरी दक्षिणेतील बाजारांत कित्येक वर्षे चालत राहिली; परंतु तिच्यावरील सगळी अक्षरे धडपणे उतरली आहेत असे नाणे क्वचितच दृष्टीस पडते. नवख्या संग्राहकाच्या हाती ‘छत्र’ अर्धवट आणि ‘पति’ नाहीसा झालेली शिवरायी पडली, की टांकसाळीची एखादी दुर्मीळ चूकच आपल्याला गवसली असे त्याला वाटू लागते, आणि त्याच्या या समजुतीवर दुप्पट किंमत वसूल करणारे विक्रेतेही काही कमी नाहीत.

वस्तुतः ऐरणीत रोवलेल्या खालच्या ठशावर चकती ठेवावी, वरचा ठसा हातात धरावा आणि त्यावर घण घालावा अशी जेथे रीत, ठसा बहुधा चकतीहून मोठा आणि चकतीही ओबडधोबड कापलेली, तेथे मुद्रेचा कोणता भाग धातूवर पडेल याची हमी खुद्द सनद देणाऱ्या सरकारनेही मागितली नव्हती. मागणी होती ती वजनाची आणि कसाची. ज्या घडणीत सारखेपणाचा दंडकच नव्हता तिच्यात सरकलेल्या ठशाला चूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ठसा पुन्हा बसून दुहेरी उमटलेली अक्षरे तेवढी वेगळी नोंदवावीत.

चांदीच्या रुपयांवर आढळणारे बारीक टोचे आणि फुल्या यांचा मामला निराळा. आत तांबे भरले आहे की काय हे पाहण्यासाठी सराफ आपल्या छिन्नीने ते पाडीत, आणि अशा टोचलेल्या रुपयाला बट्टाही लागे. टांकसाळीबाहेर झालेली ही इजाच खरी. तथापि तो रुपया किती पेढ्यांवरून फिरला याची साक्ष देणारी असल्याने स्वच्छ नाण्याहून ती मला अधिक प्रिय आहे.

यंत्राबरोबर दंडक आला. मुंबईची टांकसाळ 1820 नंतरच्या दशकात इंग्लंडातील बोल्टनच्या कारखान्याची वाफेची यंत्रे आणून उभी राहिली, आणि 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखासाठी 180 ग्रेन वजनाचा, राजा चौथ्या विल्यमच्या मुखवट्याचा एकच रुपया ठरला. चकती कड्यात बसवून दोन्ही ठसे एकाच दाबाने उमटविणाऱ्या या व्यवस्थेत जे बिघडते ते कारणासह बिघडते, व ते कारण धातूवर वाचता येते. ठशाला चीर गेली तर धातू त्या चिरेत शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. उलट ओरखडा खोल असतो आणि त्याच्या काठांवर लोटलेल्या धातूची धार बोटाला लागते. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीच्या एका बाजूस मुखवटा उलटा आणि खोलगट उमटतो. दोन नाणी शेगड्यात दाबून ही करामत साधू पाहणाऱ्याच्या नाण्यावर मात्र मूळ मुखवटा चेपलेल्या अवस्थेत खाली शिल्लक राहतोच. पट्टीतून चकती कापताना आधीचे भोक आड आले तर कडेला चंद्रकोरीएवढा तुकडा उणा पडतो, आणि कड उचलताना तेथे दाब न मिळाल्यामुळे नेमकी समोरची कडही दुबळी राहते. कातरीने चांदी चोरलेल्या रुपयाची समोरची कड ठणठणीत असते.

आपल्याकडे मात्र सर्वाधिक फसगत होते ती दागिन्यांमुळे. गळ्यातील माळेसाठी रुपयाला डाख देऊन कडी बसवायची आणि अडीअडचणीला ती उपटून नाणे मोडीत घालायचे, हा घरोघरचा रिवाज होता. अशा नाण्याच्या माथ्यावरील खरखरीत फुगवट्याला ‘टांकसाळीतील जादा धातू’ म्हणून मिरविले जाते. कडेवरील उभ्या रेषा त्या जागी डाखाखाली बुजलेल्या सापडल्या, तर विक्रेत्याने सांगितलेली किंमत ऐकून घेण्याचेही कारण उरत नाही.