सातारा ते लंडन : अंतर नेमकं कशात मोजायचं?

आज मुंबईहून लंडनला विमानाने नऊ-दहा तास लागतात. दोनशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जायला चार-पाच महिने लागायचे. म्हणजे इथून प्रश्न पाठवला, की उत्तर हातात यायला वर्ष गेलंच समजा.

१८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून निघाली आणि महिन्याभरात सुएझला पोचली. कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ चा. सुएझहून वाळवंट ओलांडायचं, पुढे नाईलमधून अलेक्झांड्रिया आणि तिथून दुसरी बोट. १८४० च्या दशकात या वाटेने टपाल दीड महिन्याच्या आत लंडनला पोचू लागलं. अंतर केवढं कमी झालं!

पण कोणासाठी?

१८३९ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कटाचा आरोप ठेवून पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तिथे ते १८५३ पर्यंत राहिले. कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं केली, अर्ज छापले, पार्लमेंटच्या सभासदांना भेटले, कर्जबाजारी झाले. ते तिथे असतानाच १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. पुढच्या वर्षी गादीवरचे आप्पासाहेबही वारले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि संस्थान खालसा झालं. म्हणजे वकील लंडनमध्ये दाद मागतोय आणि ज्याची दाद मागायची ते राज्यच इकडे संपलं!

आता हिशोब करा. प्रवास काही महिन्यांचा, मुक्काम तेरा-चौदा वर्षांचा. हा वेळ समुद्राने खाल्ला नाही, कचेऱ्यांच्या दारांनी खाल्ला. आगबोट दोघांसाठीही तितकीच वेगवान होती. फरक एवढाच की कंपनीचा खलिता सरकारी खर्चाने जायचा आणि फिर्यादीने मात्र घर सोडून, कर्ज काढून जायचं. निकाल देणारा जागेवर बसून आणि चपला झिजणार त्या मागणाऱ्याच्या.

हे जुनं झालं म्हणू नका. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या माणसाला हायकोर्टासाठी कालपरवापर्यंत मुंबईच गाठावी लागायची. कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं ते ऑगस्ट २०२५ मध्ये, तेही कित्येक वर्षांच्या आंदोलनानंतर. मधल्या काळात एसटी आली, रेल्वे आली, एक्सप्रेस-वे आला. तरीही एका तारखेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडायचीच ना?

म्हणून रस्ता किती तासांचा झाला, एवढंच विचारून भागत नाही. तो दर वेळी कोणी तुडवायचा, हेही विचारायला हवं. सातारकरांना तरी हा प्रश्न नवा नाही.