परेड मैदानाजवळची मुंगी

आम्ही राहतो तो पेणकरपाडा हा मीरा-भाईंदर शहराचा एक भाग आहे. पूर्वेकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या, उत्तरेला वसईची खाडी आणि मधे दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या इमारती. शेजारच्या एका शिक्षिकेने आम्हाला एकदा विचारले, “नव्या जातीचा कीटक शोधायचा तर ॲमेझॉनच्या जंगलातच जायला हवे ना? आमच्या मुलांनी इथे काय शोधायचे?” त्या वेळी कुंपणाच्या भिंतीवरून मुंगळ्यांची एक रांग चालली होती. आम्ही तिच्याकडे बोट दाखवले आणि त्यांना पुण्याच्या एका मुंगीची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा विस्ताराने सांगत आहोत.

आधी दोन शब्दांचा खुलासा करू. या लेखात ‘जाती’ म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातला मूळ घटक. एकमेकींशी जवळचे नाते असलेल्या जातींचा गट म्हणजे ‘प्रजाती’. कार्ल लिनियसने १७५८ साली प्राण्यांसाठी जी द्विनाम पद्धत रूढ केली, तिच्यात पहिले नाव प्रजातीचे आणि दुसरे जातीचे असते. आडनाव आधी आणि नाव मागून, असे म्हणा ना!

मिठाईवरची स्वारी

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी. १८२४ साली त्याची दख्खनच्या सांख्यिकी माहितीच्या कामावर नेमणूक झाली. पिके, लोकसंख्या, हवामान यांची माहिती गोळा करता करता तो पक्षी, मासे, सस्तन प्राणी यांच्याही नोंदी करी. त्यात मुंग्याही आल्या. १८३१ साली तो मायदेशी परतला आणि १८३५ साली लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात भारतातील मुंग्यांच्या नव्या जातींवर त्याचा निबंध छापून आला.

या निबंधात त्याच्या पुण्याच्या घरातला एक प्रसंग आहे. फळे, केक, मुरंबे एका लहान टेबलावर ठेवलेले असत. टेबलाचे पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत होते आणि टेबल भिंतीपासून थोडे दूर होते. आपल्या आजीच्या घरी दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तीच युक्ती. तरीही मोठ्या काळ्या मुंग्या पाणी ओलांडून येऊ लागल्या. मग पायांना टर्पेंटाइनचे वेढे दिले. काही दिवस शांततेत गेले आणि मुंग्या पुन्हा मिठाईवर हजर! एक दिवस साइक्सला त्याचे कारण दिसले. एक मुंगी टेबलाच्या पातळीपेक्षा फूटभर उंच भिंतीवर चढली आणि तिथून तिने स्वतःला सोडून दिले. ती थेट मिठाईवर पडली. हा योगायोग असेल म्हणून तो पाहत राहिला, तर मागून दुसऱ्याही तशाच आल्या. या मुंगीला त्याने ‘फॉर्मिका इंडिफेसा’ असे नाव दिले. ‘इंडिफेसा’ म्हणजे न थकणारी.

नाव छान होते, पण ते टिकले नाही. लिनियसचा शिष्य फॅब्रिशियस याने तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडीहून आलेल्या नमुन्यांवरून याच मुंगीला १७८७ सालीच ‘फॉर्मिका कॉम्प्रेसा’ म्हटले होते. एका जातीला दोन नावे पडली, तर आधीचे ग्राह्य धरावे असा नियम आहे. म्हणून आपला मुंगळा आज ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ या नावाने ओळखला जातो आणि साइक्सचे नाव त्याच्या समानार्थी नावांच्या यादीत जमा झाले आहे.

इथे वर्गीकरणाची खरी अडचण कळते. कीटक हाती लागणे हे सोपे काम. तो ‘नवा’ आहे असे म्हणायचे, तर त्याच्या नात्यातल्या, आजवर नावे दिलेल्या साऱ्या जाती माहीत असाव्या लागतात. ती माहिती निरनिराळ्या भाषांतल्या ग्रंथांत आणि दूरदेशीच्या संग्रहालयांत विखुरलेली असते. साइक्ससारख्या चाणाक्ष निरीक्षकालाही ती पुरती गवसली नाही.

बियांचे ढीग

त्याच निबंधातली दुसरी मुंगी मात्र इतिहास घडवून गेली. जून महिन्यात एका सकाळी फिरताना साइक्सला परेड मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. एकेका ढिगात मूठभर बी होते. बारीक मुंग्या जमिनीखालून ते वर आणून ठेवत होत्या. पावसाने भिजलेले कोठार त्या उन्हात वाळवत होत्या! ऑक्टोबरात, पावसाळा संपतानाच्या वादळी सरींनंतर, त्याला हेच दृश्य पुन्हा दिसले. दोन्ही वेळा त्याने रोजनिशीत नोंद केली.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. युरोपच्या विद्वानांना मात्र वाटले. मुंगी धान्य साठवते असे बायबलात आणि इसापच्या कथांत सांगितले आहे. पण इंग्लंडमध्ये विल्यम गूल्डने १७४७ साली आणि जिनिव्हाच्या पिएर ह्यूबरने १८१० साली मुंग्या बारकाईने पाहिल्या, तेव्हा त्यांना धान्याची कोठारे सापडली नाहीत. थंड प्रदेशातल्या मुंग्या हिवाळ्यात निपचित पडून राहतात, त्यांना साठा कशाला हवा? मुंग्या तोंडात धरून नेतात ते दाणे नसून त्यांचे कोष असतात, प्राचीन लोक त्यालाच फसले, असा निष्कर्ष निघाला. निरीक्षण अचूक होते. चूक झाली ती आपल्या प्रदेशातल्या मुंग्यांवरून जगभरच्या मुंग्यांविषयी बोलण्यात.

पुण्याच्या बियांच्या ढिगांनी हा निष्कर्ष डळमळला. १८५१ साली जर्डनने दक्षिण भारतातून तशाच नोंदी दिल्या. १८७३ साली मॉग्रिजने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मुंग्यांची कोठारे उकरून दाखवली आणि वाद मिटला. न पाहिलेल्या प्रदेशातला एक क्षुद्र कीटक पाहिल्यामुळे पाहिलेल्या प्रदेशांतले ‘ज्ञान’ दुरुस्त झाले.

एका नावाभोवती हजार जाती

या मुंगीला साइक्सने ‘आट्टा प्रोव्हिडेन्स’ म्हटले. ‘प्रोव्हिडेन्स’ म्हणजे पुढची तरतूद करणारी. तिच्या कामकऱ्यांचे दोन प्रकार असतात. एक बारीक, तर दुसरा थोराड, शरीराच्या मानाने फारच मोठ्या डोक्याचा. त्या वेळी ‘आट्टा’ या प्रजातीत बऱ्याच वेगवेगळ्या मुंग्या कोंबलेल्या होत्या. १८३९ साली जॉन वेस्टवुडने ही मुंगी तिथून काढली आणि तिच्यासाठी नवी प्रजाती उभी केली, ‘फायडोले’. ग्रीक भाषेतल्या काटकसरीवरून आलेले हे नाव. ‘आट्टा’ हे नाव आज अमेरिकेतल्या पाने कापणाऱ्या मुंग्यांकडे आहे.

आता गंमत पाहा. नवी प्रजाती स्थापताना तिची एक जाती प्रमाण म्हणून मानतात. ‘फायडोले’ म्हणजे काय, असा प्रश्न पडला की अखेर या प्रमाण जातीशी तुलना करावी लागते. ‘फायडोले’ची प्रमाण जाती म्हणजे साइक्सची ही ‘प्रोव्हिडेन्स’. आज ही प्रजाती मुंग्यांमधली सर्वांत मोठी मानली जाते आणि तिच्यात एक हजाराहून अधिक जाती आहेत. एडवर्ड विल्सनने २००३ साली एकट्या अमेरिका खंडांतल्या ६२४ जातींचा ग्रंथ लिहिला, त्यांतल्या ३३७ नव्या होत्या. ब्राझीलच्या अरण्यातल्या मुंगीचे ‘आडनाव’ ठरवणारा धागा असा पुण्याच्या परेड मैदानापर्यंत येतो.

पुढचे काम

१८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सोसायटीच्या नियतकालिकामुळे इथल्या निरीक्षणांना इथेच छापील जागा मिळाली. मुंबई इलाख्यातील वनाधिकारी रॉटन मुंग्या गोळा करी आणि स्वित्झर्लंडच्या ऑगस्ट फोरेलकडे पाठवी. फोरेलची भारतीय मुंग्यांवरची लेखमाला १८९२ पासून याच नियतकालिकात आली. १९०३ साली बिंगहॅमचा मुंग्यांवरील खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत निघाला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या जाती-उपजातींची ८२८ नावे आहेत.

पण या इतिहासातली एक उणीव आम्हाला सलते. साइक्सपासून बिंगहॅमपर्यंत नावे देणारे परके होते. बियांचे ढीग रोज पाहणारे जे गुराखी आणि शेतकरी होते, त्यांनी काय पाहिले हे कुठेच लिहिलेले नाही. आपल्याकडे डोळे होते, पण तारीखवार नोंद ठेवण्याची रीत नव्हती.

ही स्थिती आता बदलते आहे. २०२० साली शंतनु जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी कोकणच्या किनारी भागातून चतुराची एक नवी जाती प्रसिद्ध केली, ‘ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस’. कोकणचे नाव तिच्या नावातच आहे. तिचा सख्खा नातलग १८४२ पासून विज्ञानाला माहीत होता. त्याच्याशी बारीक तुलना केल्यावर हिचे वेगळेपण सिद्ध झाले.

मग शाळेने काय करावे? नव्या जातीच्या मागे धावू नये. शाळेभोवतीची एक मुंगी निवडून वर्षभर पाहावी. तारीख, वेळ, जागा, पाऊस, ती काय वाहून नेते, मोठ्या डोक्याच्या कामकरी दिसतात का, हे वहीत लिहावे. छायाचित्राने पुष्कळदा जात ठरत नाही. म्हणून तज्ज्ञाच्या सल्ल्याने दोन-चार मृत मुंग्या अल्कोहोलात ठेवाव्या आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी. जागा आणि तारीख नसलेला नमुना अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी. राष्ट्रीय उद्यानातून मात्र वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचे नाही. पुढेमागे खरोखरच नवी जाती निघाली, तर २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तिचा नमुना अधिकृत संग्रहात जमा करावा लागतो. म्हणजे पुढच्या पिढीतल्या शंका घेणाऱ्याला तो पुन्हा तपासता येतो.

त्या शिक्षिकेने जूनसाठी एक वही घातली आहे. पहिला जोराचा पाऊस पडून ऊन पडले की कुंपणाच्या कडेला बियांचे ढीग दिसतात का, हे मुले पाहणार आहेत. दिसले नाहीत, तरी तेही तारखेसह लिहायचे असे ठरले आहे.